सूर्याची साठवण : घरगुती सौर बॅटरीची निवड आणि निगा

बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर देवनहळ्ळी हे गाव वसले आहे. जुना किल्ला, टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि गोड पपनसे ह्यांसाठी ते पूर्वीपासून ख्यात आहे. २००८ साली त्याच्या शेजारी बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला आणि गावाभोवती नवी वस्ती वाढू लागली. तेथील घरांच्या गच्चीवर आता सौर पॅनेले दिसतात. भर दुपारी त्यांवर ऊन तळपत असते. परंतु त्या वेळी घरात दिव्याची गरज नसते. दिवा हवा असतो तो सूर्य मावळल्यावर, आणि तेव्हा पॅनेल निरुपयोगी असते.

१९०५ साली बंगळूरमध्ये विजेचे दिवे लागले, ते कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत्केंद्राच्या बळावर. नदी रात्रंदिवस वाहते, म्हणून वीजही रात्रंदिवस मिळे. सूर्याचे तसे नाही. दिवसाची ऊर्जा रात्रीसाठी राखून ठेवण्याचे काम बॅटरीला करावे लागते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गच्चीवर पॅनेल असले म्हणजे गावची वीज गेली तरी आपल्या घरी उजेड राहील, असे पुष्कळांना वाटते. जी यंत्रणा केवळ सार्वजनिक वाहिनीला जोडलेली असते, ती वाहिनी बंद पडताच स्वतःही बंद होते. खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला धक्का बसू नये, यासाठी तशी योजनाच केलेली असते. खंडित काळात दिवे हवे असतील, तर बॅटरी आणि तिला साजेसा इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

बॅटरीत काय घडते

शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. तिच्यात एक पट्टिका शिशाच्या डायऑक्साइडची व दुसरी सच्छिद्र शिशाची असते, आणि दोन्ही विरल गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज काढून घेताना दोन्ही पट्टिकांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. वीज भरताना ही क्रिया उलट होते.

मात्र बॅटरी पुष्कळ दिवस रिकामी किंवा अर्धवट भरलेली राहिली, तर सल्फेटचे बारीक कण एकत्र येऊन त्यांचे टणक स्फटिक बनतात आणि मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. बॅटरीची साठवणशक्ती अशा रीतीने कायमची घटते. बहुतेक घरगुती बॅटऱ्या अकाली निकामी होतात त्या ह्याच कारणाने. कणगीतले धान्य तळापर्यंत उपसावे तशी ही बॅटरी उपसू नये. रोज निम्मीच वापरावी आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण भरावी, हा तिचा पहिला नियम होय.

आधी हिशेब, मग खरेदी

एका लहान कुटुंबाचे उदाहरण घेऊ. ९ वॅटचे ४ दिवे ५ तास लागतात : १८० वॅट-तास. कमी वीज घेणारे ३० वॅटचे २ पंखे ८ तास : ४८०. ५० वॅटचा दूरदर्शन संच ३ तास : १५०. मोबाइल व इतर किरकोळ वापर : ९०. बेरीज ९०० झाली. इन्व्हर्टरमधील घट धरता सुमारे १,००० वॅट-तास लागतील.

शिशाच्या बॅटरीचा निम्मा साठाच वापरायचा असल्याने २,००० वॅट-तासांची बॅटरी हवी. १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तास ह्यांचा गुणाकार १,८०० येतो. तो अपुरा पडतो. २०० अँपिअर-तासांची बॅटरी २,४०० वॅट-तास साठविते, ती पुरेल.

ती भरण्यास पॅनेल किती हवे? देवनहळ्ळीत वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ५ तासांच्या प्रखर उन्हाइतकी ऊर्जा मिळते. उष्णता, धूळ, तारा व बॅटरी ह्यांतील घट वजा करता ३५० वॅटचे पॅनेल रोजचा खर्च भरून काढील. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत मात्र वापर कमी करणे हेच शहाणपणाचे. पॅनेल लहान आणि बॅटरी मोठी ठेवली, तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही व वर सांगितलेली हानी होते.

शिसे की लिथियम ?

१९९७ साली जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी पाधी व नंजुंडस्वामी यांनी लिथियम लोह फॉस्फेट ह्या पदार्थाचा बॅटरीतील उपयोग दाखवून दिला. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल २०१९ चे नोबेल पारितोषिक दोन शास्त्रज्ञांसह विभागून मिळाले. ह्या जातीच्या बॅटरीचा सुमारे ८० टक्के साठा निर्धास्तपणे वापरता येतो. म्हणून वरील कुटुंबास १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरीही भागते. शिशाची चांगली बॅटरी निम्म्या वापरावर हजार-दीड हजार वेळा भरता येते, तर ही काही हजार वेळा. तिला पाणी घालावे लागत नाही. परंतु तिची आरंभीची किंमत अधिक असते, आणि तिला तिच्यासाठीच नेमलेला चार्जर व संरक्षक मंडल लागते. हाती पैसा थोडा असून निगा राखण्याची तयारी असेल, त्याने ट्यूब्युलर जातीची शिशाची बॅटरी घ्यावी. नव्या बॅटरीस जुनी जोडू नये. जुनी नवीलाही खाली ओढते.

निगा

उष्णता हा बॅटरीचा शत्रू आहे. तापमान १० अंशांनी वाढले, की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते. देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा सौम्य आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेथे पत्र्याखाली ठेवलेली तीच बॅटरी फार लवकर संपेल. बॅटरी सावलीत व खेळत्या हवेत ठेवावी. भरताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून जवळ ज्योत नेऊ नये. पातळी उतरल्यास केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे. नळाचे पाणी किंवा आम्ल कदापि घालू नये.

जीर्ण बॅटरी उघड्यावर फोडणे घातक आहे. शिशाची धूळ विशेषतः लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे; यास्तव ती विक्रेत्याकडेच द्यावी.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करून पाहावा. भार व चार्जर काही तास बंद ठेवून शिशाच्या बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. १२.७ च्या आसपास आकडा आला, तर ती भरलेली आहे, १२.२ ला निम्मी, आणि ११.८ ला रिकामी समजावी. ही नोंद वहीत आठवड्यातून एकदा केली, तर बॅटरी बंद पडण्यापूर्वीच तिचा थकवा ध्यानात येईल, आणि परीक्षेच्या ऐन रात्री घरात अंधार होणार नाही.