घराचा फोटो आणि घराचा पत्ता

घरविक्रीच्या जाहिरातीतला फोटो कायद्याच्या लेखी विक्रेत्याचे विधान असते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ‘रेरा’ने, जाहिरातीची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. प्रकल्पाची माहिती देणारी, कोणत्याही माध्यमातली आणि कोणत्याही स्वरूपातली प्रसिद्धी तिच्यात बसते. पानभर रंगीत चित्र, रस्त्याकडेचे होर्डिंग आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा फोटो यांना एकच माप. कलम १२ सॅम्पल फ्लॅटलाही या मापात ओढते. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर किंवा सॅम्पल फ्लॅटवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले, तर बिल्डरने भरपाई द्यायची. ग्राहकाला व्यवहारच नको असेल तर भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत करायची.

चंदीगडमध्ये मात्र फोटोच्या खरेखोटेपणाचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नाही, पत्त्याचा आहे. चंदीगड, मोहाली आणि पंचकुला ही शहरे एकमेकांना चिकटून आहेत आणि त्यांना मिळून ‘ट्रायसिटी’ म्हणतात. पण चंदीगड केंद्रशासित, मोहाली पंजाबात आणि पंचकुला हरियाणात. झिरकपूर आणि खरड पंजाबातले. ‘न्यू चंदीगड’ असे भारदस्त नाव मिरवणारे मुल्लांपूरही पंजाबातलेच. अशा ठिकाणच्या टॉवरच्या जाहिरातीत चंदीगडच्या सुखना तलावाचा किंवा कॅपिटॉल संकुलातल्या ‘ओपन हॅन्ड’ शिल्पाचा फोटो छापला, तर तो फोटो खराच असतो, फक्त विकाऊ घराशी त्याचा संबंध नसतो. कलम ११ नुसार जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यावा लागतो, आणि हा क्रमांकच भूगोल उघड करतो. पंजाबच्या क्रमांकाची सुरुवात ‘पीबीरेरा’ने होते, हरियाणाच्या पंचकुला प्राधिकरणाच्या क्रमांकात ‘एचरेरा’ आणि ‘पीकेएल’ ही अक्षरे येतात. फोटोखाली ‘चंदीगड’ आणि क्रमांक पंजाबचा, अशी जोडी दिसली की तक्रार कोणत्या दारात न्यायची तेही कळते.

नोंदणीच नसेल तर फोटो कितीही प्रामाणिक असो, जाहिरात बेकायदा ठरते. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचे किंवा ८ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प वगळता कोणताही प्रकल्प नोंदणीआधी विकायला काढता येत नाही, त्याची जाहिरातही करता येत नाही. दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्रात महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला. मोबाइल धरला की प्रकल्पाची नोंद उघडते आणि जाहिरातीतले चित्र नोंदीशी ताडून पाहता येते.

चंदीगडच्या जुन्या भागात याहून बारीक फसगत संभवते. सेक्टर १ ते ३० हा वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएच्या आराखड्यातला पहिला टप्पा. तिथला भूखंड एका कुटुंबाच्या घरासाठी आखलेला. पुढे एका घराचे तीन मजले तीन कुटुंबांनी हिश्शाने विकत घ्यायचे, अशी चाल पडली. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या भागात एका घराचे मजलेवार तुकडे पाडण्यास मनाई केली. सहमालकांनी मजले वाटून घेण्याचा करार केला तरी त्याची नोंदणी होणार नाही आणि तो कायद्याने बजावता येणार नाही, असेही स्पष्ट केले. अशा घराच्या पहिल्या मजल्याचे सुरेख फोटो काढून खाली ‘स्वतंत्र मजला विकणे आहे’ असे लिहिले, तर फोटोतली भिंत, खिडकी, मोझेकची फरशी सगळे खरे असते. खोटी असते ती विक्रीयोग्य वस्तू. या शहरात सर्वांत महाग पडू शकणारा फोटो हाच, आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने पकडता येत नाही.

फोटोखालच्या आकड्यांचीही तीच गत. मरला हे जमीन मोजायचे एकक. चंदीगडमध्ये १० मरला म्हणजे २५० चौरस गज धरतात. पंजाबातला जुना महसुली मरला मात्र ३०.२५ चौरस गजांचा. रेरानुसार सदनिकेच्या विक्रीचे माप चटई क्षेत्रच.

आता लेन्स. माणसाच्या नजरेला खोली जशी जाणवते, त्याच्या जवळपासचे चित्र फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर साधारण ३५ ते ५० मिलिमीटरची लेन्स देते. घराच्या आतल्या फोटोंसाठी १६ ते २४ मिलिमीटर वापरण्यात गैर काही नाही. लहान खोलीत मागे सरकायला जागाच नसते. त्याखाली गेले, किंवा मोबाइलची अल्ट्रा-वाइड लेन्स दाराच्या कोपऱ्यात टेकवली, की दहा फुटांची बेडरूम हॉलसारखी दिसू लागते. अशा फोटोत कडेचा पलंग ओढल्यासारखा लांबतो, गोल दिवा अंडाकृती होतो आणि समोरची भिंत दूर पळते. खोलीच्या फोटोसोबत मापांसह नकाशा दिला की लेन्सचा दोष बराचसा धुऊन निघतो.

फोटोवरच्या संस्कारांत सरळ रेघ ओढता येते. उजेड वाढवणे, तिरप्या भिंती सरळ करणे, रंगाची पिवळट झाक काढणे चालते, कारण घर त्याने बदलत नाही. खिडकीसमोरची विजेची तार पुसणे, भिंतीची ओल झाकणे, शेजारची इमारत काढून शिवालिकच्या टेकड्या बसवणे, सुकलेल्या लॉनवर हिरवळ पसरवणे म्हणजे दोष लपवणे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, पण त्याच्या कलम ५५ चे तत्त्व इथेही लागू पडते: खरेदीदाराला साध्या काळजीने न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. हे तत्त्व जुन्या घराच्या फेरविक्रीत विशेष उपयोगी पडते, कारण तिथे रेराचा हात सहसा पोचत नाही.

रिकाम्या खोलीत संगणकाने सोफा-पडदे मांडणे हे चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या संस्कारांच्या मध्ये येते. मांडणी काल्पनिक असल्याचे त्याच चित्रावर लिहावे आणि शेजारी रिकाम्या खोलीचा मूळ फोटो ठेवावा, ही पद्धत उत्तम. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२६ पासून तसा कायदाच लागू केला आहे. न बांधलेल्या इमारतीच्या चित्राचे तेच. ‘कलाकाराची कल्पना’ हे शब्द मुंगीच्या अक्षरांत कोपऱ्यात टाकून भागत नाही. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा आणि दाव्याला छेद देणारा नसावा. चित्रात पोहण्याचा तलाव आणि तळटीपेत ‘तलाव मिळेलच असे नाही’, हा खुलासा नव्हे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला हे प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

ड्रोनने वरून फोटो काढताना २०२१ चे ड्रोन नियम पाळावे लागतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत पूर्वपरवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही, आणि झिरकपूर तर विमानतळाला लागूनच आहे. दुसऱ्या दलालाच्या जाहिरातीतला फोटो उचलणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा भंग. भाडेकरू राहत असेल तर भिंतीवरची कुटुंबाची छायाचित्रे आणि मुलांच्या शाळांची नावे चौकटीबाहेर ठेवावीत.

फसव्या जाहिरातीची तक्रार रेराच्या कलम ३१ खाली रेरा प्राधिकरणाकडे करता येते. तिथे उपयोगी पडतो तो जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्यावरची तारीख आणि पैसे भरल्याची पावती. संकेतस्थळावरचा फोटो विक्रेता एका रात्रीत बदलू शकतो, म्हणून तो पैसे भरण्याआधीच जपून ठेवावा लागतो.