संथ इंटरनेट आणि दूरचा खेळगडी

गेल्या मे महिन्याच्या सुट्टींत मी संगमेश्वराकडील एका खेड्यांत नातलगांच्या घरीं उतरलों होतों. त्या घरांतील आठवीचा मुलगा रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं मोबाईल घेऊन परसामागील टेकाडावर जाऊन बसे. कारण घरांत 'रेंज' म्हणून मिळत नसे. त्याचा थोरला भाऊ नोकरीनिमित्त दुबईस असतो, आणि हे दोघे बंधु आठवड्यांतून तीनचार रात्री एकमेकांविरुद्ध नेमबाजीचा खेळ खेळत. एके रात्रीं हा मुलगा रडकुंडीस येऊन परतला. "दादा लबाडी करतो. मी भिंतीआड गेल्यावर त्याची गोळी मला लागते!" तिकडून दादाचें म्हणणें असें कीं, "तूंच मध्यें अदृश्य होतोस आणि भलतीकडे उगवतोस." दोन दिवस दोघांचें बोलणें बंद. हा खेळच नको, असें आईनें ठरविलें. वास्तविक दोघेही खरें सांगत होते. तें कसें, हें विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस समजावें, म्हणून हा लेखनप्रपंच.

'इंटरनेट संथ आहे' असें म्हणतांना आपण दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करितों. शेतांतील पाटाचें पाणी पाहा. पाट रुंद असला तर पाणी पुष्कळ येतें. परंतु बांध फोडल्यापासून शेवटच्या वाफ्यांत पहिली धार पोंचेपर्यंत किती वेळ लागतो, हा प्रश्न अगदीं वेगळा. चित्रपट पाहण्यास रुंद पाट हवा. खेळास तो फारसा लागत नाहीं. 'हा डावीकडे वळला', 'यानें गोळी झाडली', एवढीच चिमुकली वार्ता धाडावयाची असते. तिला हवी ती त्वरा. वार्ता जाऊन उत्तर परत येण्यास लागणाऱ्या वेळास खेळाडू 'पिंग' म्हणतात, आणि तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजतात. माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थानें १९८३ सालीं हा वेळ मोजणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिला, आणि समुद्रांत ध्वनि सोडून त्याचा प्रतिध्वनि ऐकणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्यास हें नांव दिलें.

या वेळास निसर्गानेंच एक मर्यादा घातली आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर धांवतो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेंत सुमारें ३,९०० किलोमीटर. तेव्हां जाऊन येण्यास निदान ३९ मिलिसेकंद हवेतच, मग तुम्ही कितीही महाग योजना घ्या. प्रत्यक्षांत तार वळणें घेत जाते आणि वाटेंतील प्रत्येक नाक्यावर थोडा खोळंबा होतो. पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहामार्फत खेळूं जाल, तर नुसत्या ये-जा करण्यांतच जवळजवळ अर्धा सेकंद जातो. सुमारें ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणारे नवे उपग्रह या बाबतींत पुष्कळ बरे.

उशीर आणि खेळ यांचें मुळांत वैर नाहीं. १८२४ ते १८२८ या काळांत एडिंबरो व लंडन येथील बुद्धिबळ मंडळांनीं टपालानें सामना खेळला, आणि एडिंबरोनें तो जिंकला! पंचाईत होते ती धांवत्या खेळांत.

'एज ऑफ एम्पायर्स' हा १९९७ सालचा खेळ याचें फार सुंदर उदाहरण आहे. आठ खेळाडूंनीं मिळून दीड हजारांपर्यंत सैनिक हालवावयाचे, आणि साधन काय, तर टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास अवघे २८.८ किलोबिट नेणारा मोडेम. प्रत्येक सैनिक कोठें आहे हें धाडूं गेल्यास अडीचशेंतच वाट तुंबावयाची. म्हणून कर्त्यांनीं सैनिकांची स्थिति धाडलीच नाहीं. धाडले ते केवळ खेळाडूंचे हुकूम. प्रत्येक घरच्या संगणकानें तेच हुकूम त्याच क्रमानें पाळून सारी लढाई आपल्यापुरती वेगळी घडवावयाची. हुकूम सर्वत्र पोंचावा म्हणून तो तत्काळ न पाळतां दोन पाळ्यांनंतर पाळीत. मात्र सर्व यंत्रांवर सारें तंतोतंत एक हवें. एका यंत्रावर हरिण केसभर बाजूला चरलें, तर कांहीं मिनिटांनीं शिकाऱ्याचा भाला तेथें चुके, मांस घरीं येत नसे, आणि पुढें दोन्ही घरच्या लढायांचा मेळ राहत नसे. त्यांस आणखी एक गोष्ट आढळली: पाव सेकंदाचा उशीर खेळाडूंच्या ध्यानांतही येत नाहीं, पण कधीं झटपट, कधीं रेंगाळत, असें झालें म्हणजे माणूस वैतागतो. नियमित उशीर आपण अंगवळणीं पाडून घेतों. मला तर हें शाळेच्या घंटेसही लागू आहेसें वाटतें.

नेमबाजीच्या खेळांत मात्र इतकें थांबवत नाहीं. म्हणून १९९६ सालीं जॉन कारमॅक यांनीं 'क्वेकवर्ल्ड' मध्यें निराळी युक्ति योजिली. तुमचें पाऊल पडतांच तुमचें यंत्र मध्यवर्ती संगणकाच्या उत्तराची वाट न पाहतां तें दाखवितें, आणि अंदाज चुकला तर मागाहून दुरुस्त करितें. पुढें वाल्व्ह कंपनीचे यान बर्नियर यांनीं २००१ सालीं आणखी एक पद्धति विशद केली: गोळी झाडणाऱ्यास त्या क्षणीं जें दिसत होतें, तेथवर मध्यवर्ती संगणक घड्याळ मागें फिरवितो, आणि मग नेम लागला कीं नाहीं तें ठरवितो.

आतां आपले दोघे बंधु पाहूं. दादाच्या पडद्यावर धाकटा अद्याप उघड्यावर होता, कारण त्याची वार्ता उशिरा पोंचली होती. दादानें नेम धरला. संगणकानें न्याय दिला. तोंवर धाकटा आपल्या पडद्यावर भिंतीआड पोंचला होता. दोघांचे डोळे खरे, काळ मात्र निरनिराळे! आणि अदृश्य होण्याचें कारण टेकाडावरील क्षीण रेंज. वार्तेचीं पाकिटें वाटेंत हरवत. अशा खेळांत हरवलेलें पाकीट बहुधा पुन्हां मागवीत नाहींत, कारण तें येईतों शिळें होतें. मधल्या वेळांत दादाचें यंत्र धाकट्यास अंदाजानें पुढें चालवी, आणि खरी वार्ता येतांच त्याला उचलून दुसरीकडे ठेवी.

हें मीं दोघांस फोनवर समजावलें. आई चूल सारवतां सारवतां ऐकत होती. मग आम्ही मोबाईल तपासला, तों खेळ चालूं असतांनाच तो मागें गुपचूप फोटो चढवीत होता! अरुंद पाटांत अशी गर्दी झाली कीं चिमुकल्या वार्तेस रांगेंत उभें राहावें लागतें. ती चढवणूक बंद केली. खेळाचा मध्यवर्ती संगणक दोघांसही जवळचा असा निवडला. बसण्याची जागा दहा पावलें सरकवून आंब्याच्या आडोशांतून बाहेर काढली. पिंग शून्यावर आलें नाहीं, पण त्याची उडी थांबली.

आईनें रात्रीं नऊपर्यंतची परवानगी दिली. ज्या दिवशीं आभाळ येऊन रेंज डळमळे, त्या दिवशीं ते दोघे बुद्धिबळ मांडीत. आणि त्यांत, मला नंतर कळलें, धाकटाच अधिक वेळां जिंकत असे.