पुराच्या रात्री नकाशा कोणता?

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे गाव तानसा नदीकाठच्या उष्ण पाण्याच्या कुंडांसाठी सर्वपरिचित आहे. वज्रेश्वरी व गणेशपुरी ही तीर्थस्थाने जवळच असल्याने येथे यात्रेकरूंची वर्दळ असते. नदीला पूर आला, वीज गेली आणि दूरध्वनी बंद पडले, तर मदतीस निघालेले पथक कोठे आहे हे तालुक्याच्या ठिकाणी कसे कळावे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतील दूरध्वनी सेवा कशी कोलमडली, हे राज्याने अनुभवले आहे.

अशा प्रसंगी हौशी बिनतारी संदेशवहन उपयोगी पडते. अमेरिकेच्या नौदल अकादमीतील अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी विकसित केलेल्या 'एपीआरएस' या पद्धतीत उपग्रहांच्या आधारे मिळालेले अक्षांश-रेखांश लहानशा संदेशाच्या रूपाने बिनतारी संचावरून ठरावीक अंतराने पाठविले जातात. उंच जागेवरील केंद्र तो संदेश पुन्हा प्रक्षेपित करते. तो ज्याला मिळेल, त्याच्या नकाशावर पथकाचे चिन्ह उमटते.

निवडीचे तीन मार्ग

पहिला मार्ग संकेतस्थळाचा. तो सर्वांत सोपा होय. परंतु इंटरनेट तुटले की नकाशाही जातो. म्हणून संकटकाळी केवळ त्यावर विसंबणे योग्य नव्हे.

दुसरा मार्ग संगणकात नकाशा आधीच साठवून ठेवण्याचा. 'झॅस्टर' व 'याक' या विनामूल्य प्रणालींत अशी सोय आहे. बिनतारी संच जोडलेला असला की इंटरनेटविना स्थाने दिसतात. मात्र बॅटरीची तरतूद हवी. तालुका नियंत्रण कक्षासाठी हाच मार्ग श्रेयस्कर ठरतो.

तिसरा मार्ग हातातील संचाच्या छोट्या पडद्याचा. काही संचांवर समोरच्या केंद्राची दिशा व अंतर एवढेच दिसते. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा कागदी नकाशा असल्यास फिरत्या पथकाचे काम त्यावर भागते.

काय तपासावे?

चिन्हाशेजारी संदेशाची वेळ दिसते की नाही, हे प्रथम पाहावे. तासापूर्वीचे चिन्ह ताजे समजल्यास शोधपथक भलत्याच ठिकाणी पोहोचेल. दुसरे, या पद्धतीच्या सामान्य संदेशात स्थान मिनिटाच्या शंभराव्या भागापर्यंतच दिलेले असते. हे अंतर सुमारे १८ मीटर भरते. त्यामुळे नकाशा कितीही मोठा करून पाहिला, तरी अरुंद पात्राजवळ माणूस अलीकडच्या काठावर आहे की पलीकडच्या, हे चिन्हावरून खात्रीने सांगता येत नाही. ते संचावरूनच विचारून घ्यावे. तिसरे, जुने सर्वेक्षण नकाशे निराळ्या भूमापन आधारावर काढलेले आहेत. योग्य रूपांतर न करता ते संगणकात घातल्यास चिन्हे मूळ जागेपासून बरीच सरकतात. गावाचे मंदिर किंवा पूल यांसारख्या ज्ञात ठिकाणी उभे राहून ही पडताळणी करावी.

हौशी केंद्र चालविण्यास केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा व परवाना आवश्यक आहे. ग्रामपंचायतींनी आपल्या भागातील परवानाधारकांशी पावसाळ्यापूर्वीच संपर्क साधावा व शाळेच्या पटांगणावरून एकदा तालीम घ्यावी. नकाशाची खरी परीक्षा पुराच्या रात्री होऊ नये. ती मे महिन्यातच उरकलेली बरी.