सतरा टनांचे चाक आणि पेपरमिंटचे तेल

संपादकांना हवा होता एका उपनगराच्या आरोग्यखात्याचा परिचय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एखाद्या कष्टकरी वस्तीने रोगराईशी कसा सामना केला, कोणते अधिकारी नेमले, कोणते कायदे वापरले, असा सरळ विषय होता. त्यासाठी उत्तर लंडनमधले टॉटनहॅम निवडले. कागद वाचायचे ते वाचले. पण मार्कफील्ड पार्कच्या कडेला, ली नदीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या विटांच्या एका इमारतीत पाऊल टाकले आणि लेखातली बरीचशी जागा तिथल्या यंत्राने बळकावली. आत वाफेवर चालणारे शंभर अश्वशक्तीचे बीम इंजिन आहे. आयुष्यभर त्याने एकच काम केले: टॉटनहॅमचा मैला उचलून पुढे ढकलला.

दारात उभे राहिले की आधी दिसतात ते खांब. बिडाचे, उभ्या पन्हळींचे, एकूण आठ, ग्रीक देवळात शोभावेत असे. त्यांच्यावर ॲकॅन्थसच्या पानांची नक्षी. त्यांच्या माथ्यावर एकवीस फुटांची लोखंडी तुळई मधोमध टेकून वरखाली झुलते. बाजूला सत्तावीस फूट व्यासाचे, सतरा टनांचे गतिचक्र, अर्धे जमिनीखाली. यॉर्कशरमधल्या सोअर्बी ब्रिजच्या वुड ब्रदर्स या कारखान्याने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे घडवले. मैल्याच्या पंपाला एवढी नक्षी कशासाठी? ती बघणार कोण, तर कोळसा ओढणारे आगवाले आणि तेल घालणारे मिस्त्री. मला वाटते, करदात्यांच्या पैशाने उभे राहिलेले काम देखणेच हवे, असे त्या पिढीला मनापासून वाटत असावे. आजच्या निविदेत ही पाने पहिल्याच फेरीत गळली असती.

पानांवरून आठवले. १८६१ मध्ये विल्यम मॉरिसने मित्रांबरोबर सजावटीची जी प्रसिद्ध पेढी काढली तिचे नाव होते मॉरिस, मार्शल, फॉकनर आणि कंपनी. यातले मधले मार्शल, म्हणजे पीटर पॉल मार्शल, पेशाने सर्वेक्षक आणि स्वच्छता-अभियंता होते आणि टॉटनहॅमच्या आरोग्य मंडळाची चाकरी करत होते. दिवसा गटारांचे उतार मोजायचे आणि संध्याकाळी चर्चच्या रंगीत काचांची चित्रे काढायची! या इंजिनाशी त्यांचा संबंध नाही, ते फार आधीचे. तरी ही माहिती गाळावीशी वाटली नाही.

अधिकृत इतिहास थोडक्यात उरकतो. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर, १८५० मध्ये टॉटनहॅमला स्थानिक आरोग्य मंडळ मिळाले. मंडळाने नळाचे पाणी आणले, गटारे घातली, मार्कफील्डला मैला निवळवण्याच्या टाक्या बांधल्या. निवळलेले पाणी ली नदीत जाई. गाव लहान होते तोवर हे निभावले. मग रेल्वे आली. १८७२ मध्ये ग्रेट ईस्टर्न कंपनीचा फाटा टॉटनहॅममधून एडमंटनकडे गेला. लंडन शहरात आत रेल्वेमार्ग वाढवायच्या बदल्यात या कंपनीवर मजुरांसाठी पहाटेच्या स्वस्त गाड्या सोडायची अट होती. जाऊन-येऊन दोन पेनी भाडे. दोन पेनीत रोज लंडनला जाता येते म्हटल्यावर सुतार, छापखान्यातले कामगार, हमाल, कारकून असे सगळे उत्तरेकडे सरकले. शेतांच्या जागी एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा उठल्या. १९०१ च्या जनगणनेत टॉटनहॅमने एक लाखाचा आकडा ओलांडला.

एवढ्या माणसांचा मैला त्या टाक्यांना पेलवेना. घाण ली नदीत उतरू लागली आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या हॅकनी वस्तीतले लोक ओरडू लागले. ओरड निराधार नव्हती. १८६६ मध्ये ली नदीचे पाणी पिणाऱ्या पूर्व लंडनमध्ये कॉलऱ्याने पाच हजारांवर माणसे नेली होती आणि ती आठवण ताजी होती. टॉटनहॅम मात्र कागदोपत्री लंडनमध्ये नव्हते. ते मिडलसेक्स परगण्यात होते, आणि १९६५ पर्यंत लंडनच्या हद्दीबाहेरच राहिले. अभियंता बॅझलजेटने बांधलेली लंडनची मोठी गटारे शेजारून वाहत होती, पण ती लंडनकरांची. शेवटी त्यांत आपला मैला सोडायची सोय टॉटनहॅमने करून घेतली. आता तो त्या गटाराच्या पातळीपर्यंत चढवायला हवा होता. मार्कफील्डचे इंजिन त्यासाठी आले.

यंत्र चालू असलेला दिवस गाठून पुन्हा गेलो. २००९ पासून ते दुरुस्त होऊन पुन्हा वाफेवर फिरते. स्वयंसेवकांतले एक निवृत्त गृहस्थ हातात तेलाची बुधली घेऊन कोपऱ्याकोपऱ्यांत वाकत होते. पाहुण्यांकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते; कान एका बेअरिंगकडे होता. मी विचारले, नादुरुस्त झाले तर आधी काय कळते? त्यांनी नाकाकडे बोट दाखवले. तेल जास्त तापले की आवाजाच्या आधी वास येतो म्हणे.

त्यांच्यामुळेच माझी नजर यंत्राच्या ज्या भागावर खिळली तो सहज दिसत नाही. सिलिंडरमधला दट्ट्या सरळ रेषेत वरखाली जातो. तुळईचे टोक मात्र कमानीत फिरते, कारण ती मधल्या बिंदूभोवती झुलते. दट्ट्याचा दांडा थेट तुळईला जोडला तर प्रत्येक फेऱ्याला तो आडवा ओढला जाईल आणि सिलिंडरच्या तोंडाशी वाफेची खीळ बसवणारी गादी फाटेल. यावर जेम्स वॉटने १७८४ मध्ये उपाय काढला. तुळईच्या टोकाशी काही दांडे चौकटीसारखे असे सांधले की त्यातला एक बिंदू जवळजवळ सरळ रेषेतच चालतो. जवळजवळ, गणिताने अगदी सरळ नाही. वाफेच्या इंजिनातल्या आपल्या साऱ्या करामतींपेक्षा या जोडणीचा वॉटला जास्त अभिमान होता, असे त्याने उतारवयात लिहून ठेवले आहे. माझ्यासमोर त्या पोलादी दांड्या दुमडत होत्या, उलगडत होत्या आणि दट्ट्या मात्र रेघ आखल्यासारखा जात होता. किती वेळ बघत बसलो कोण जाणे.

वाफ इथे दोनदा राबते. आधी लहान सिलिंडरमध्ये जोराच्या दाबाने, मग तीच ओसरलेली वाफ मोठ्या सिलिंडरमध्ये. मिनिटाला सोळा फेरे. दिवसाला चाळीस लाख गॅलन उचलायची ताकद, म्हणजे सुमारे एक कोटी ऐंशी लाख लिटर. हिशेब केला तर प्रत्येक फेऱ्याला जवळपास पावणेदोनशे गॅलन पडतात. एवढे सांडपाणी आणि मैला जमिनीखालच्या दोन पंपांतून दर चार सेकंदांना सरकत असे, आणि वर ॲकॅन्थसची पाने.

वरळीच्या लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशनवरून जाताना नाकाला रुमाल लावलेल्या मुंबईकराला हे सांगायला नको की पंप घाण नाहीशी करत नाही. टॉटनहॅमचा मैला इंजिनाने चढवला, लंडनच्या गटाराने पूर्वेला बेक्टनच्या मैला-केंद्रात नेला. तिथे त्यातला गाळ खाली बसवत आणि १८८७ पासून तो गाळ जहाजांत भरून टेम्सच्या मुखापलीकडे समुद्रात ओतत. ही जहाजे १९९८ पर्यंत चालली. ज्या सुंदर यंत्राचे मी आत्ता एवढे गोडवे गायले, त्याचे काम एका लांबलचक ढकलाढकलीतला पहिला धक्का देण्याचे होते.

घरापासून पंपापर्यंतचा रस्ता ज्यांच्या ताब्यात होता त्यांच्यासाठी बिडाचे खांब कुणी उभारले नाहीत. त्यांचे सरकारी नाव होते 'इन्स्पेक्टर ऑफ न्यूसन्सेस'. हा माणूस गल्लोगल्ली हिंडे; तुंबलेली मोरी, फुटलेला नळ, परसात साठलेले शेण, एका खोलीत कोंबलेली बिऱ्हाडे टिपून घेई आणि घरमालकाला नोटीस बजावी. त्याच्या पोतडीतली माझी आवडती गोष्ट म्हणजे पेपरमिंटचे तेल. घरातला ड्रेनेजचा पाइप कुठे गळतो हे शोधायचे तर एकाने छपराशी जाऊन पाइपच्या वरच्या तोंडातून ते तेल गरम पाण्याबरोबर ओतायचे आणि तोंड लगेच बंद करायचे. दुसऱ्याने खाली दारे-खिडक्या लावून खोल्याखोल्यांतून वास घेत फिरायचे. जिथे पेपरमिंट दरवळले तिथे सांधा फुटलेला. ओतणाऱ्याने घरात पाऊल टाकायचे नाही, कारण त्याच्या कपड्यांना लागलेला वास सगळी परीक्षा नासवायचा. पुढे धूर कोंडून तीच तपासणी करू लागले.

आरोग्याच्या बाकीच्या आघाड्यांवर नागरिक नेहमी उपकृत होते असे नाही. १८९२ मध्ये लंडन महानगराची रुग्णालये चालवणाऱ्या संस्थेने टॉटनहॅममध्ये साथीच्या तापाचे मोठे रुग्णालय उघडले, ते आधी तात्पुरत्या बराकींत. लंडनची स्कार्लेट फीव्हर झालेली मुले आपल्या दारात का, म्हणून रहिवासी चिडले. मैला आपण लंडनच्या गटारात सोडतो, हे त्यावेळी कुणाला आठवले नसावे.

मग खरी अडचण पुढे आली. गटारे झाली, पंप धडधडू लागला, कॉलरा परतला नाही, विषमज्वर ओसरत गेला. तान्ही मुले मात्र मरतच राहिली. १८९९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६३ वर्षाच्या आत गेली. १९१० पर्यंत हा आकडा १०५ वर आला आणि सगळ्यांनी निःश्वास टाकला. १९११ चा उन्हाळा कडक निघाला, आकडा पुन्हा १३० वर. उन्हाळी अतिसार म्हणत त्या दुखण्याला. टॉटनहॅमसारख्या दोन पेनी गाडीच्या वस्त्यांत एकेका गल्लीतून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये छोट्या शवपेट्या निघत.

पंपाचा इथे काही इलाज नव्हता. आर्थर न्यूझहोम यांच्यासारखे आरोग्य अधिकारी सांगू लागले की दोष घराच्या आत आणि परसात आहे. मँचेस्टरचे आरोग्य अधिकारी जेम्स निव्हन माश्यांची मोजदाद करून तिची अतिसाराच्या मृत्यूंशी सांगड घालत होते. रस्त्यावर सगळीकडे घोडे, घोड्यांची लीद, लिदीवर माश्या, आणि माश्या बाळाच्या दुधावर. दूध शेतातून पिंपात, पिंपातून दुकानात, दुकानातून उघड्या भांड्यात. रबराची लांब नळी लावलेली दुधाची बाटली तर कधी आतून स्वच्छ होतच नसे. सेंट हेलेन्स या गावाने १८९९ मध्ये निर्जंतुक दुधाचे केंद्र काढले, बॅटरसीसारख्या लंडनच्या बरोंनी तो कित्ता गिरवला. १९०७ च्या कायद्याने जन्माची खबर छत्तीस तासांत आरोग्य अधिकाऱ्याला देण्याची तरतूद केली, म्हणजे आरोग्यसेविका वेळेत बाळंतिणीच्या दारी पोचेल. या बायका आल्या की काही घरांत स्वागत होई, काही घरांत दार आपटे. ज्या घराला न्हाणीघर नाही, दूध झाकायला फडताळ नाही, तिथल्या आईला स्वच्छतेचे धडे द्यायचे म्हणजे चिडचिड होणारच. त्यात आईला दोष देण्याची सोय फार होती, आणि ती वापरली गेली. घोडे मोटारींमुळे गेले, ते आरोग्यखात्याच्या नोटिशीने नव्हे.

इंजिनाचे पुढे काय झाले? लोकवस्तीने त्यालाही मागे टाकले. १९०५ च्या सुमारास ते रोजच्या कामातून निवृत्त झाले आणि जोराच्या पावसात तुंबलेले पाणी उपसायला राखीव राहिले. १९६४ मध्ये टॉटनहॅमचा मैला एडमंटनच्या डीफम्स केंद्राकडे वळला आणि मार्कफील्डचे काम थांबले.

इंजिन थांबले, तरी चुकीच्या वाटेने जाणाऱ्या घाणीची गोष्ट संपलेली नाही. टॉटनहॅममधून मोझेल नावाचा एक ओढाही वाहतो, बराचसा जमिनीखालून. लॉर्डशिप रिक्रिएशन ग्राउंडमध्ये अलीकडे तो उघड्यावर आणला, काठाला बोरू-लव्हाळी लावली. पाण्याला मात्र मधूनच साबणाचा आणि मोरीचा वास येतो. कारण चुकीच्या जोडण्या. इथे पावसाच्या पाण्याचे नळ वेगळे आणि मैल्याचे वेगळे आहेत. पण कुणी मागच्या दारी स्वयंपाकघर वाढवतो, कुणी एका घरात चार भाडेकरू ठेवून नवे संडास काढतो, आणि प्लंबर जवळचा जो नळ दिसेल त्याला जोडून मोकळा होतो. तो नळ पावसाचा असला तर कपड्यांच्या यंत्राचे, संडासाचे पाणी थेट ओढ्यात. शोधायची पद्धत तशी जुनीच: संडासात रंग टाकायचा आणि तो ओढ्याला कुठे येतो ते बघायचे. ओढ्यात उघडणाऱ्या नळाच्या एकेका तोंडामागे शेकडो घरे असतात. सापडले तरी दुरुस्तीचा खर्च घरमालकाचा. मालक दुसऱ्या शहरात राहतो, भाडेकरू सहा महिन्यांत बदलतो, आणि नोटीस ज्या नावाने निघते त्या नावाचे त्या घरात कुणी राहत नाही.