परदेशातली आपली कचेरी

बातम्यांत ‘भारतीय दूतावास’ हा शब्द आपण ऐकतो आणि म्हणतो, हा मंत्र्यांचा विषय, आपला काय संबंध? संबंध आहे. कुवेतच्या उदाहरणावरून समजून घेऊ या.

दूतावास म्हणजे एका देशानं दुसऱ्या देशाच्या संमतीनं त्याच्या राजधानीत उघडलेली कचेरी. तिचा प्रमुख राजदूत.

कुवेतशी आपलं नातं दूतावासाहूनही जुनं. तिथं तेल निघण्याआधी तिथली गलबतं खजूर, मोती, घोडे घेऊन मुंबईला यायची आणि तांदूळ, मसाले, कापड घेऊन परतायची. १९६१ पर्यंत तिथल्या बाजारात रुपयाच चालायचा. त्याच वर्षी कुवेत इंग्रजांच्या संरक्षणातून मोकळा झाला आणि पुढे दोन्ही देशांनी एकमेकांकडे राजदूत पाठवले.

या नात्याची परीक्षा झाली ऑगस्ट १९९० मध्ये. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले. इराकनं परदेशी दूतावास बंद करायला लावले, तेव्हा आपली कचेरी इराकमधल्या बसरा शहरात हलली. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेनना भेटले. त्यावर टीका झाली. पण बोलणं चालू राहिलं म्हणून वाट मिळाली. माणसं जॉर्डनमधल्या अम्मानला पोचली आणि तिथून सुमारे दोन महिन्यांत एअर इंडियाच्या जवळपास ५०० फेऱ्यांनी मुंबईत उतरली. भांडणातही बोलणं तुटू न देणं, हेच दूतावासाचं मोठं काम.

आज कुवेतमध्ये सुमारे १० लाख भारतीय आहेत. घरकाम करणाऱ्या बायकाही त्यांत आहेत. तिथल्या २०१५ च्या कायद्यानं घरकामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली आणि मालकानं पासपोर्ट ठेवून घेण्यावर बंदी आली. २०२१ मध्ये घरकामगारांसाठी दोन्ही देशांत करार झाला. संकटातल्या बायकांसाठी आपल्या दूतावासाचं निवारागृहही आहे.

पण दाद मागायची तर कागद हवा. म्हणून गावातून कोणी आखाती देशात निघाली, तर गटात बसून एवढं पाहू या : एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का? कामाचा लेखी करार आहे का? पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची प्रत घरी ठेवली का? दूतावासाचा फोन नंबर तिच्याजवळ आणि घरच्यांजवळ लिहिलेला आहे का? ‘आधी फिरायच्या व्हिसावर जा, मग बघू’ असं कोणी म्हणालं, तर तिला तिथंच थांबवू या.