निळा सोनेरी मासा

सोनेरी मासा म्हटला की शेंदरी रंगाचा चमकदार मासा डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु ह्याच कुळात एक मासा असा आहे की, त्याच्या अंगावर शेंदरी, पांढऱ्या, काळ्या व पिवळ्या रंगांबरोबर निळा रंगही पसरलेला असतो. त्याचे नाव शुबुनकिन. ह्या जपानी नावाचा अर्थ ‘शेंदरी नक्षीचा सोनेरी मासा’ असा आहे. नाव शेंदरी रंगावरून पडले खरे, पण जाणकार मोल देतात ते निळ्या रंगाला.

सोनेरी माशाचे मूळ घर चीन. तेथील एका करड्या माशाच्या पिलांत क्वचित एखादे तांबूस पिल्लू निपजे. अशी पिले लोकांनी तळ्यांत जपली व त्यांचीच वीण वाढविली. हा उद्योग हजार वर्षांपूर्वीपासून चालत आला आहे. पुढे हे मासे जपानात गेले. इ. स. १९०० च्या सुमारास टोकियोतील आकियामा किचिगोरो ह्या मत्स्यपालकाने बटबटीत डोळ्यांच्या तिरंगी माशाचा साध्या सडपातळ माशांशी संकर केला, आणि त्यातून शुबुनकिन जन्मास आला.

आता निळ्या रंगाची गंमत पाहा. निळे रंगद्रव्य ह्या माशाच्या अंगात मुळीच नसते! साध्या सोनेरी माशाच्या खवल्यांखाली चकाकणाऱ्या सूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. त्यावर प्रकाश पडला म्हणजे मासा धातूसारखा झळकतो आणि त्वचेच्या खोल भागात काय आहे ते दिसत नाही. शुबुनकिनच्या अंगावर हा थर बऱ्याच ठिकाणी नसतो. तेथील खवले आरपार दिसतात, आणि खोलवर असलेला काळा रंग वरच्या थरांतून निळसर भासतो. आपल्या हाताच्या पाठीवरील शिरा निळ्या दिसतात. पण त्यांतील रक्त काही निळे नसते. तसाच हा प्रकार होय.

शुबुनकिनच्या पैदाशीत एक अडचण फार दिवस लोकांना चकवीत होती. आईबाप दोन्ही उत्तम रंगीबेरंगी निवडले, तरी सगळी पिले काही तशी निपजत नसत. शिसान चेन ह्या चिनी शास्त्रज्ञाने १९२८ साली ह्याचा उलगडा केला. प्रत्येक पिलाला खवल्यांच्या चकाकीविषयीचा एक घटक आईकडून व एक बापाकडून मिळतो. दोन्ही घटक चकाकीचे असले तर मासा साधा, धातूसारखा चमकणारा होतो. दोन्ही पारदर्शकतेचे असले तर तो फिकट गुलाबी दिसतो. एक घटक ह्या प्रकारचा व एक त्या प्रकारचा असला, तरच शुबुनकिनचा शबल रंग उमटतो. म्हणून दोन शबल माशांच्या शंभर पिलांत सुमारे पन्नासच शबल, पंचवीस चमकदार आणि पंचवीस फिकट निघतात. उलट, चमकदार व फिकट अशी जोडी लावली तर सर्वच पिले शबल होतात. ज्या फिकट माशाला कुरूप समजून बाजूला काढावे, तोच असा कामी येतो. मात्र कोणता ठिपका कोठे उमटेल हे एवढ्यावरून ठरत नाही. एकासारखा दुसरा शुबुनकिन सापडणे कठीण.

इंग्लंडमध्ये ह्याचे दोन प्रकार झाले. लंडनच्या प्रकाराची शेपटी आखूड असते, तर ब्रिस्टलच्या प्रकाराची शेपटी रुंद व गोलसर पाळ्यांची असते. जपानी शुबुनकिनची शेपटी लांब व दुभंगलेली असते.

हा मासा काचेच्या लहानशा गोल भांड्यात ठेवण्याची चाल आहे. ती वाईटच म्हटली पाहिजे. तो कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, आणि थोड्या पाण्यात हे विष झपाट्याने साचते. भांड्याचे तोंड अरुंद असल्याने पाण्याला हवाही कमी मिळते. प्रशस्त तळ्यात तो वीतभराहून मोठा होतो व दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. कंटाळा आला म्हणून त्याला नदीत सोडणेही बरे नव्हे. तो तळचा गाळ उपसून पाणी गढूळ करतो आणि पाणवनस्पतींची नासाडी करतो.

सोडलेले सोनेरी मासे नदी-तळ्यांत तग धरून वाढू लागले की, रंगीत पिले बगळ्यांच्या नजरेस लवकर पडतात. करडी तेवढी चिखलाच्या रंगात लपून वाचतात. मग पिढी दर पिढी रंगीत मासे कमी होत जातात आणि त्या पाण्यात पुन्हा चीनमधील त्या मूळच्या माशासारखेच करडे मासे पोहू लागतात.