कमलापूरच्या हत्तींची दिनचर्या

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात कमलापूर येथे राज्यातील एकमेव शासकीय हत्ती कॅम्प आहे. १९६२ च्या सुमारास वन विभागाने या भागात हत्ती ठेवले ते सागाचे ओंडके ओढण्यासाठी. ट्रक-ट्रॅक्टर आल्यावर ओढकाम थांबले. हत्ती मात्र इथेच राहिले आणि त्यांची पिल्लेही याच जंगलात जन्मली.

कॅम्पचे काम सकाळी हत्ती शोधण्यापासून सुरू होते. रात्री चरण्यासाठी हत्तींना पायात साखळदंड बांधून जंगलात सोडतात. सकाळी माहूत आणि चाराकटर (चारा कापणारे मदतनीस) त्यांच्या मागावर निघतात. जमिनीवर घासत गेलेल्या साखळीची रेघ, मोडलेला बांबू आणि ताजी लीद पाहत गेले की कळप सापडतो. एक हत्ती दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा खातो. एवढा चारा जंगलच पुरवू शकते, म्हणून रात्रीचे हे चरणे टाळता येत नाही.

कॅम्पवर आणलेल्या हत्तींना तलावात अंघोळ घालतात. हत्ती कुशीवर पडतो आणि माहूत पाठीपासून पायापर्यंत त्याचे अंग घासतो. तपासणीही याच वेळी होते. डोळ्यांतले पाणी, कानामागची जखम, साखळीचा वळ, नखांजवळची चीर असे सगळे पाहिले जाते. पुढच्या पायाला साधारणपणे पाच आणि मागच्या पायाला चार नखे असतात; माहूत प्रत्येक नखावरून हात फिरवतो. अंघोळीनंतर गूळ-मीठ घातलेला भाताचा खुराक मिळतो.

सर्वांत जास्त काळजी पायांची घ्यावी लागते. तळव्याच्या जाड कातडीखाली चरबीची गादी असते आणि तीन-चार टनांचा भार तिच्यावर येतो. तळव्याला भेग पडली की तिथे माती आणि ओल शिरते, जखम चिघळते. त्यासाठी दरवर्षी थंडीत, साधारणपणे जानेवारीत, हत्तींना सुमारे दहा दिवसांची रजा दिली जाते. त्या काळात पर्यटकांना प्रवेश बंद असतो. जडीबुटींचे मिश्रण उकळून त्याने तळवे शेकतात. कॅम्पवर याला ‘चोपिंग’ म्हणतात.

२०२२ मध्ये इथले काही हत्ती गुजरातमधील जामनगरला हलवण्याचा प्रस्ताव आला. त्याला गडचिरोलीत मोठा विरोध झाला आणि कमलापूरचे हत्ती जागेवरच राहिले. माहूत आणि हत्ती यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख या कॅम्पचा खरा आधार आहे.

बीड जिल्ह्यातील उमापूरसारख्या गावाहून निघालेल्या कुटुंबाला कमलापूर म्हणजे राज्याचे दुसरे टोक. एका दिवसात जाऊन येणे शक्य नाही. आदल्या रात्री आलापल्ली किंवा अहेरीला मुक्काम करावा आणि सकाळीच रेपनपल्लीमार्गे कॅम्प गाठावा, म्हणजे अंघोळ आणि खुराक दोन्ही पाहायला मिळतात. रजेच्या तारखा वन विभागाकडे आधीच विचारून घ्याव्यात. मुलांना हत्तीच्या मागे किंवा हत्तीण आणि पिल्लू यांच्या मध्ये उभे राहू देऊ नये. बिस्किटे, फळे असे काहीही स्वतःहून खाऊ घालू नये. माहुताने हात केला की लगेच मागे सरावे. हत्तीची मनःस्थिती त्याला सर्वांआधी कळते.